होडी ओढायला आठ माणसं

आबा, तुमची होडी घेऊन जा असं सांगणारा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात, डाळीला फोडणी देत होते. फोन तुमच्या त्या आळीतल्या मित्राच्या थोरल्या मुलाचा. त्याचे वडील गेल्या वर्षी वारले, तुमच्यामागे तब्बल तीस वर्षांनी. एवढी सगळी वर्षं तुमची लहान होडी त्यांच्या वैरणीच्या शेडमध्ये पालथी घालून ठेवलेली होती. दरवर्षी दिवाळीनंतर मी गावी येत असे, फटींत सुतळी ठोकून डांबर लावत असे, आठ दिवस पाण्यात घालत असे आणि पुन्हा शेडमध्ये ठेवून साताऱ्याला परत. म्हाताऱ्यानं एका शब्दानं कधी विचारलं नाही की हे किती दिवस चालायचं. मुलगा मात्र म्हणाला, "आत्या, शेड पाडून आमी तिथं दुकानगाळे काढतोय. होडीचं काय ते सांगा, न्हाईतर बंबाला फोडून घेऊ का?" बंबाला! मी म्हटलं, "तुझ्या लग्नातला पलंग सागवानी आहे ना? आधी तो घाल बंबात, मग होडीचं बघू." तो हसला. मी अजिबात हसत नव्हते.

त्या फोननंतर चार दिवसांत मी ठरवलं की साताऱ्याचा फ्लॅट विकायचा आणि जिथं होडी पाण्यात बांधता येईल अशा वस्तीत राहायला जायचं. वय सदुसष्ट, मागे-पुढे कोणी नाही, गुडघे बरे आहेत. नात्यातल्या सगळ्यांनी मला समजावलं. समजावणाऱ्या माणसांचा आवाज का कोण जाणे नेहमी मऊ असतो, आणि मऊ आवाजानं मला जास्त राग येतो. छत्तीस वर्षं मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत टेबलावर वाकून नद्यांचे नकाशे उतरवले. ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं कृष्णा किती वेळा काढली असेल याची मोजदाद नाही. नेहमीच्या पुराचं पाणी कुठवर येतं ती निळी रेषा, मोठ्या पुराचं कुठवर येतं ती लाल. साहेब आले, साहेब बदलून गेले, रेषा मी काढत राहिले. आणि स्वतः राहिले कुठे, तर टेकडीच्या उतारावर. माझ्या खिडकीतून नदी दिसत नाही, समोरच्या इमारतीतले गृहस्थ बनियनवर दात घासताना दिसतात. नावाड्याच्या मुलीनं तीस वर्षं हे बघावं, हे मला अचानक सहन होईना.

पहिल्यांदा कोयनेच्या बॅकवॉटरला गेले. एजंटानं ऑक्टोबरमध्ये नेलं, कारण ऑक्टोबरमध्ये धरण काठोकाठ असतं आणि प्लॉट विकणाऱ्यांना तेवढी अक्कल असते. समोर निळं पाणी, पलीकडे हिरवे डोंगर, नाकारायला काही जागाच नाही. "मॅडम, दारातनं पाय बाहेर टाकला की बोटीत," तो म्हणाला. मी विचारलं, "आणि मे महिन्यात?" "मे महिन्यात काय मॅडम?" "मे महिन्यात पाणी कुठे असतं?" "असतंय की, तिथंच. जरा खाली." जरा खाली म्हणजे किती खाली हे मला त्याच्याहून चांगलं माहीत आहे. उन्हाळ्यात ते पाणी डोंगराच्या कंबरेवरून पायथ्याला जातं, मध्ये नुसता तांबडा चिखल, आणि त्यात बुडालेल्या गावांची जोती वर येतात. होडी दारात आणि पाणी अर्ध्या मैलावर. शिवाय शेजार कसला, तर पुण्या-मुंबईच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले. सोमवार ते शुक्रवार तिथं राखणदार आणि त्याचं कुत्रं. मी एजंटाला म्हटलं, "पाऊस लागला आणि होडी वर ओढायची झाली तर कोणाला बोलावू? कुत्र्याला?" त्यानं वही मिटली.

तुम्ही म्हणायचात, आबा, की पाण्याकाठचं घर पाणी बघून घ्यायचं नसतं. "पाणी सगळीकडं सारखंच गं. घर घ्यायचं ते माणसं बघून. नाव वर वडायला आठ माणसं लागत्यात. जितनं हाक मारल्यावर आठ माणसं येतील तितं नावाड्यानं ऱ्हावं, दुसरीकडं न्हाई." लोक हे ऐकून माना डोलवायचे. मी कधी मान डोलवली नाही, तुम्ही हे बोलायला लागलात की मी उठून आत जायची. का ते लिहायलाच हा कागद घेतला आहे, पण वळण घेत येते. तुम्हीच शिकवलंत ना, की पाण्याला जोर असला की नाव सरळ पैलतीराला लावायची नसते, वर चढवून घ्यायची आणि मग वाहत खाली आणायची.

दुसरी जागा सांगलीत पाहिली, नव्या संकुलात, आठ मजल्यांच्या. कमानीवर इंग्रजीत लिहिलंय, नदीकाठचं जगणं वगैरे. तिथला विक्रीचा मुलगा, टाय बांधलेला, घामाघूम, खूप गोड. "मॅडम, तुमची स्वतःची बोट आहे? वाव. कुठल्या कंपनीची?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या." त्यानं ते लिहून घेतलं. मग मला टेरेसवर नेऊन नदी दाखवली. नदी खाली होती, आणि मध्ये पुरुषभर उंचीची काँक्रीटची भिंत. मी विचारलं, "पायऱ्या कुठे आहेत?" "कसल्या पायऱ्या?" "नदीत उतरायच्या." तो म्हणाला, "उतरायची गरजच नाही मॅडम, सगळ्या फ्लॅटमधनं दिसते." हे वाक्य मी घरी आल्यावर दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. सगळ्या फ्लॅटमधनं दिसते. मग त्याला होडी ठेवायची कुठे हा प्रश्न पडला आणि त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांची कल्पना अशी, की होडी कमानीपाशी चौथऱ्यावर मांडायची, आत माती भरून फुलझाडं लावायची, दिवे सोडायचे, म्हणजे लोकांना फोटो काढायला जागा होईल. "फुकट करून देऊ मॅडम, तुमचं नाव पण टाकू." मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझे आजोबा वारले की त्यांच्यात पण जास्वंद लावा." आणि जाता जाता हेही सांगितलं की तुमचं तळघरातलं पार्किंग आहे तिथून निळी रेषा जाते. ती मी काढलेली आहे. त्याचा चेहरा पडला, मग मला वाईट वाटलं. पोटासाठी टाय बांधून उभा राहिलेला मुलगा, त्यानं काय भिंत बांधली होती?

माझी जीभ अशी कशी झाली हे कोणी विचारलं तर मी कॉन्व्हेंटकडे बोट दाखवते. ते निम्मं खरं आहे. आपल्या गावातल्या दवाखान्यात सांगलीहून सिस्टर येत, आठवड्यातून दोनदा, आणि तुम्ही त्यांना नदीपार नेत असा. एकदा त्यांतल्या म्हाताऱ्या सिस्टरनं मला नावेत पाढे म्हणताना ऐकलं आणि म्हणाली, ही मुलगी आमच्याकडे पाठवा. तुम्ही वल्हं थांबवलंत, नाव वाहायला लागली, तरी थांबवलंत. "पाटवतो," एवढंच म्हणालात. त्यानंतर मी रोज नदी ओलांडून एसटीनं सांगलीला जायची, पांढरे मोजे, काळे बूट, बूट नावेत भिजू नयेत म्हणून तुमच्या डोक्यावरच्या मुंडाशात गुंडाळलेले. शाळेनं मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या, ताठ बसणं आणि हळू बोलणं. सहावीत असताना मी पटांगणाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मैत्रिणीला हाक मारली, आपल्या घाटावर मारतात तशी, पोटातून, "आऽवंऽ" करून. सगळं पटांगण थांबलं. म्हाताऱ्या सिस्टरनं मला वर्गात बोलावलं आणि शंभर वेळा इंग्रजीत लिहायला लावलं, मी नावाड्यासारखी ओरडणार नाही. मला आजही ते अक्षर दिसतं. सुंदर वळणदार होतं माझं अक्षर.

त्याच वर्षी खंडेनवमीला तुम्ही मला वल्हं दिलंत. बाभळीच्या लाकडाचं, माझ्या उंचीचं, मूठ काचेनं घासून गुळगुळीत केलेली. तुमच्या वल्ह्यांशेजारी ते भिंतीला टेकवून हळदकुंकू लावलंत, झेंडूचं फूल ठेवलंत. मी म्हटलं, "मी काय नाव चालवणार आहे होय?" आईनं तोंडावर पदर घेतला. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "चालवू नगंस. पर आपल्याला येत न्हाई म्हनून बाजूला बसायचं न्हाई, येत असून बसायचं." मला मिळालेला हा एकुलता एक ओरडा, आणि तो सुद्धा आवाज न चढवता. वल्हं आता दाराआड उभं आहे. माझ्या छातीपर्यंतच येतं.

तिसरी जागा मला कोणी दाखवली नाही, मीच शोधली. सांगलीतच, जुन्या घाटालगतची बोळासारखी आळी, घरं एकमेकांना टेकलेली. तुम्ही सांगायचात तसं आधी घाटावरच्या लोखंडी कड्या पाहिल्या. कडीला गंज असला तर तिथं नदी नुसती बघायला आहे. या कड्या आतल्या बाजूनं चकचकीत होत्या. दोर रोज घासतोय. मग "घर विकणे आहे" लिहिलेल्या दारात गेले. घरमालकीण माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "एकट्याच का?" म्हटलं, हो. "मालक?" म्हटलं, केलेच नाहीत. "बरं केलं," ती म्हणाली आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. आतल्या भिंतीवर ऑइलपेंटनं आडव्या रेघा होत्या, एकावर एक, माझ्या गुडघ्यापासून थेट माळ्यापर्यंत. दर पुराची एक. "ही माझ्या लग्नाच्या आदुगरची. ह्या वेळंला सासूबाईला पाटीत बसवून काढलं. आन् ही सगळ्यात वरली, हिला काय बोलूच नका." मी विचारलं, पाणी आलं की करता काय? "वर जातो. उतरलं की खाली येतो, चिखल काडतो. मग काय, पान्याशी भांडायचं?" छत्तीस वर्षं मी ज्या रेषा कापडावर काढल्या त्या या बाईनं स्वतःच्या भिंतीवर काढल्या होत्या, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तिच्या जास्त बरोबर होत्या. घर ती मुलाकडे आष्ट्याला जायचं म्हणून विकत होती. "पुराला कंटाळून न्हाई हां," हे तिनं तीनदा सांगितलं.

मी विचारलं, "इथं हाक मारली तर माणसं येतात?" तिनं शेंग फोडता फोडता हात थांबवला. "आवं ताई, न मारता येत्यात. तीच तर अडचन हाय."

त्या रात्री साताऱ्याला परत येताना एसटीत मला ठरवता येईना. जागा चांगली होती. अडचण माझी होती. त्या आळीत राहायचं तर कधी ना कधी हाक मारावी लागणार होती, आणि शाळेच्या पटांगणातल्या त्या एका हाकेनंतर मी आयुष्यात ती मारलेली नाही.

आता ते लिहिते. मी सातवीत आहे, श्रावणातली दुपार आहे. शाळा लवकर सोडली आहे, कारण वरती साताऱ्याकडे पाऊस कोसळतोय आणि पाणी चढतंय. शेवटच्या खेपेला नावेत मी आणि ती म्हातारी सिस्टर, तिला दवाखान्यातली औषधं वरच्या माळ्यावर हलवायची आहेत. आपण काठाला लागतो. तुम्ही दोर कडीत ओवता आणि कडीचा दगडच हलतो. तुम्ही दोर खांद्यावरून घेऊन पाय रोवून उभे राहता, तुमच्या मानेच्या शिरा मला दिसतात. "पळ पोरी. चढावर हुबी ऱ्हा आन् हाक मार. आठ माणसं." मी चढावर पळते. आळी समोर आहे. छाती भरून घेते. आणि माझ्या मागून, छत्री सावरत, धापा टाकत सिस्टर वर येते आणि माझ्या शेजारी उभी राहते. नुसती उभी असते. माझं तोंड उघडतं आणि आवाज येत नाही, आबा. मी चालत, चालत, पहिल्या दाराशी जाते आणि बोटाच्या पेरांनी वाजवते, शाळेत ऑफिसचं दार वाजवतात तसं. मग दुसरं. बायका परसात असणार, पुरुष गोठ्यातली जनावरं सोडवत असणार. तुमचा तो मित्र तर तिसऱ्याच घरात होता, पन्नास पावलांवर. मी परत धावत आले आणि तुम्हाला सांगितलं, "हाक मारली आबा. कोणी येत नाही."

तुम्ही एकदा वर आळीकडे पाहिलंत. मग दोर सुटला, किंवा तुम्ही सोडलात. मोठी नाव आडवी झाली आणि गेली. तिचा आवाजसुद्धा झाला नाही. नंतर पूल झाला, आणि गावानं असं मानलं की पुलानं आपला धंदा नेला. तुम्हीही तसंच मानू दिलंत. पण पूल व्हायला अजून तीन वर्षं होती. पुढच्याच महिन्यात तुम्ही घाटावरचं घर सोडून स्टँडजवळ दोन खोल्या घेतल्या, जिथून नदीचा वाससुद्धा येत नव्हता, आणि आळीतल्या कोणाच्या दारात उभे राहिला नाहीत. माणसं बघून घर घ्यावं हे तुमचं वाक्य त्यानंतरचं. ते तुम्ही माझ्या खोट्यातून शिकलात. म्हणून मी उठून आत जायची.

तुमच्या दहाव्याला नदीवर तुमचा मित्र माझ्याजवळ आला. तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तरी तुमची लहान होडी त्यानं न सांगता स्वतःच्या शेडमध्ये नेऊन ठेवली होती. मला म्हणाला, "पोरी, येक सांगू? त्या दिशी हाक आली असती तर मी आलो असतो गं." एवढंच. कान माझ्याकडे करून उभा राहिला, जणू अजूनही ती हाक येण्यासारखी होती. मी म्हटलं, "वारा फार होता काका." तो हो म्हणाला. मग पुढची तीस वर्षं त्यानं होडी सांभाळली. त्याला ठाऊक होतं की नाही, हे आता कोणाला विचारू?

गेल्या मंगळवारी मी टेम्पोत होडी घालून सांगलीला नेली. घराचं अजून पक्कं केलं नव्हतं, आधी बघायचं होतं. भर दुपारी घाटाच्या माथ्यावर टेम्पो थांबला. ड्रायव्हर मागचं फळकूट पाडून म्हणाला, "मावशी, हितवर माझं काम. ह्या येवड्या पायऱ्या खाली कोन न्हेनार? मानसं सांगितली हायत का?" मी म्हटलं, "सांगायची आहेत." तो म्हणाला, "मग सांगा की!" घाटावर चार बायका धुणं धूत होत्या, आळीत कोणी दिसत नव्हतं. मी माथ्यावर उभी राहिले. प्रथम जो आवाज निघाला तो बँकेच्या खिडकीवर निघतो तसला, जरा ऐकता का वगैरे. ड्रायव्हर इकडे तिकडे बघायला लागला. मग मी पर्स खाली ठेवली, डोळे मिटले, आणि पोटातून ओरडले, "आऽवंऽ! याऽ वंऽ! होडी हायऽऽ!" माझाच आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत आला. पंचावन्न वर्षं आत कुठे बसला होता कोण जाणे.

धुणंवाल्या बायका लुगड्याचे ओचे खोचत वर आल्या. तालमीतले चार पैलवान अंगाला माती लागलेली तशीच घेऊन आले. एक मास्तर स्कूटर लावून आला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. घरमालकीण शेंगांचं सूप टाकून आली आणि येता येता ओरडली, "म्या म्हनलं न्हवतं? आन् ताई, एवढा घसा असून इंग्रजीवानी हळू कशापायी बोलत होता?" एका म्हाताऱ्यानं हात लावला नाही पण "डावीकडं, डावीकडं" म्हणत सगळ्यांना चुकीच्या बाजूला नेलं. होडी पाण्यात उतरली तेव्हा माझा सँडल वाहून गेला आणि त्यावर सगळे पोटभर हसले.

घर मी घेतलं आहे. माघात राहायला जाते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, होडीत ठेवायचं नाही, नदीत तर मुळीच नाही, नदीत लोक काय काय टाकतात ते मला बघवत नाही. नव्या घरात तुमच्या वल्ह्याशेजारी माझं वल्हं ठेवायचं आहे, पत्र त्या खोलीतल्या फडताळात राहील. फक्त एक उरलंय. मी माथ्यावर डोळे मिटून ओरडले असं वर लिहिलं. डोळे लाजेनं मिटले नव्हते. ओरडताना माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं, कोणी येऊ नये. एकही माणूस येऊ नये, म्हणजे असंही होतं, हाक मारूनही कधी कधी माणसं येत नाहीत, असं मला तुम्हाला सांगता आलं असतं.

अकरा जण आले, आबा.